दोन्ही बाजू सारख्या

मधुकर सरांना "मला येत नाही" एवढं म्हणता आलं असतं, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण साताऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माणूस असं कसं म्हणेल?

दर गुरुवारी ते सांगलीला फारूकच्या टायपिंगच्या दुकानात यायचे. अठ्ठ्याण्णव साल होतं. पुण्याच्या एका छापखान्याने आपल्या मोठ्या कॉम्प्युटरवर फारूकला एक कप्पा दिला होता. इथं टाइप केलेला मजकूर फोनच्या तारेवरून तिथं पाठवायचा. त्यासाठी प्रोग्राम कुठला घ्यायचा, हे सरांनी ठरवायचं होतं. सीडीवर दोन होते. एक काळ्या पडद्याचा, हुकूम टाइप करून एकेक फाइल पाठवायचा. दुसऱ्यात डावीकडे आपलं दुकान, उजवीकडे पुणं, आणि वर एक बटण होतं, दोन्ही बाजू सारख्या करायचं.

फारूकची बहीण शाहजादी हळूच म्हणाली, "सर, साधाच बरा. काय करतोय ते कळतं तरी."

"दारात मोटार उभी असताना तुला बैलगाडीच हवी," सर म्हणाले, आणि फारूक हसला. दुकानाच्या कॉम्प्युटरात जागा कमी, म्हणून पुण्याला पोचलं की इथलं पुसून टाकायचं, हा नियमही सरांचाच.

त्या कप्प्यात होतं तात्याबांचं पुस्तक. कुंडलचे तात्याबा, नजर गेलेले जुने पैलवान. पन्नास वर्षांतल्या मैदानातल्या कुस्त्या, कुणी कुणाला कुठल्या डावावर पाडलं, सगळं तोंडपाठ. चार महिने एसटीने येऊन त्यांनी ते शाहजादीला सांगितलं होतं, आणि तिने ते थेट टाइप केलं होतं. कागदावर एक ओळ नव्हती.

एका गुरुवारी बहीणभाऊ जेवायला घरी गेले होते. सर एकटेच होते. गंमत म्हणून त्यांनी ते बटण दाबलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं, सरांनी न वाचता होकार दिला. डावी बाजू रिकामी होती. दोन मिनिटांत उजवीही रिकामी झाली.

तेवढ्यात शाहजादी दारात आली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काल काय दाबलंस गं तू?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. फारूक बहिणीला नाही नाही ते बोलला. आपल्याच हातून झालं असेल असं तिला वाटू लागलं, आणि सर मूग गिळून बसले. स्वतःची त्यांना किळस आली, तरी तोंड उघडेना.

दुपारी तात्याबा आले. ऐकून त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "जाऊ दे पोरी. पुन्यांदा सांगतो. लिव." आणि सरांची खुर्ची करकरली तिकडे वळले, "सर, तुमी हाय म्हणून बरं. पोरीला नीट शिकवा."

ते मात्र सरांना सोसलं नाही. "अहो तात्याबा, तिनं नाही. मी पुसलं. आणि तिच्यावर ढकललं."

फारूकने मान खाली घातली.

"पाठ मातीला लागली की लगेच उठून हात मिळवायचा असतो," तात्याबा म्हणाले. "तुमी लय येळ पडून ऱ्हायला, सर. आता तुमीच लिवा."

सर टाइप करायला बसले. मराठी कळफलकावर त्यांची दोनच बोटं चालत. तिसऱ्याच कुस्तीला तात्याबा अडले. "मेढ्याचा गडी... नाव आठवंना. काल-परवापतूर व्हतं की."

"ज्ञानू," मागून शाहजादी म्हणाली. "ढाक मारून पाडलेला. बाराव्या मिनिटाला."

"व्हय, ज्ञानूच."

सर 'ज्ञ' शोधू लागले. तो कुठल्या बटणावर असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मला येत नाही," ते म्हणाले.

शाहजादीने वाकून बटण दाखवलं.