तक्त्याची मागची बाजू

"शुगर कब से है इनको?" माझ्या बायकोला तपासताना डॉक्टरांनी विचारलं, आणि मी मूर्खासारखं सांगितलं, "इनको नहीं, मुझे है।"

घरात साखरेचा रोगी मी, प्रभाकर, वीज कचेरीतून निवृत्त. अकरा वर्षं साखर ताब्यात ठेवली याचा मला केवढा तोरा! पण बोटाला सुई टोचायची ती माझी बायको उषा. कारलं, मेथी, चार वेळच्या गोळ्या, सगळं तीच बघायची. मी नुसती मिजास करायचो.

आमच्या बुऱ्हाणपुरात लग्नघरून दराब्याचा डबा यायचाच. रवा, तूप, साखर घोटून केलेला तो पदार्थ दिसला की माझा हात जायचा. म्हणून माझ्या वाटणीचा उषाच खाऊन टाकायची, लगेच, उभ्याउभ्या. प्रसादाचंही तेच. "फेकू कसा? पाप लागते," म्हणायची. "तुम्हाले चालत नाही, मले चालते." मला वाटायचं, चैन आहे बाईची.

काल दुपारी पोळ्या लाटता लाटता ती खाली बसली. छातीत दुखत नव्हतं, नुसता घाम. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. लिंबू-साखरेचं पाणी मीच करून पाजलं. दवाखान्यात साखर चारशे शहाऐंशी निघाली. साखर जुनी असली की हृदयाचा झटका असा न दुखताही येतो, डॉक्टर म्हणाले. आजचा दिवस निघाला तर बघू, असंही म्हणाले.

त्यांनी तिचे जुने कागद मागितले. आमची मुलगी दीपाली सकाळी घरून फाईल घेऊन आली. सगळे कागद माझे. सोबत तिने स्वयंपाकघरातल्या कपाटावरचा माझ्या गोळ्यांचा तक्ता काढून आणला होता, उषाच्या अक्षरातला. मी तो उलटला. मागे उषाचं नाव होतं. चार वर्षांपूर्वीची तपासणी. उपाशीपोटी एकशे अठरा, सहा महिन्यांनी पुन्हा करावी.

तेव्हा मीच म्हणालो होतो, "बॉर्डरलाइन म्हणजे पास. तुला काय धाड भरलीय?" तिने पुन्हा तपासलं नाही. कागद कोरा होता त्या बाजूला माझ्या गोळ्या लिहून घेतल्या. स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटतंय मला. देवा, तिला नेतो म्हणालास तर मी काय तोंडाने नाही म्हणू?

डॉक्टरांनी तो कागद आत, उषाला ठेवलं होतं त्या खोलीत नेला.

"पप्पा, कालपासून तुमची एकबी गोळी नाही झाली," दीपाली म्हणाली. "तुम्ही पडले तर मी कोणाकोणाले बघू?" तिने पिशवीतून गोळ्यांची चार पाकिटं काढून माझ्या मांडीवर ठेवली. "यातली सकाळची कोणती?"

मी पाकिटं उलटीपालटी केली.

"आईला विचार ना," मी म्हणालो.

दीपालीने त्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.