एक टक्का, एक मिलिमीटर

"फक्त चेहरा काढा ना, काका," संपादक म्हणाला. "या सोमवारपुरता. पूर्ण माणूस कशाला हवा?"

मी पट्टी खाली ठेवली. हा संपादक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो काका म्हणून गोड बोलायला लागला की समजायचं, आता काहीतरी गळ्यात मारणार.

चेहराच का, ते मला बरोबर कळलं होतं. चौदा वर्षं दर सोमवारी पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत मी साहेबांचं व्यंगचित्र काढतो. साहेब म्हणजे देशाचे सर्वेसर्वा. जनमत चाचणीत त्या आठवड्यात त्यांची लोकप्रियता जितके टक्के, तितके मिलिमीटर त्यांची उंची. टाचेपासून टाळूपर्यंत, पट्टी लावून. हे मीच ठरवलं, आणि चौकटीखाली तसं छापूनही येतं: एक टक्का, एक मिलिमीटर. सुरुवातीला साहेब एकतीस होते. मला वाटलं, बुटका काढला की माणूस चिडेल.

चिडेल तो पुढारी कसला. भर सभेत त्यांनी आमचा अंक उंच धरला आणि म्हणाले, "मला अजून वाढायचंय, तुम्ही वाढवा." लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि पुढच्या आठवड्यात साहेब चार मिलिमीटर वाढले. मी चिमटा काढायचा आणि त्यांना गुदगुल्या व्हायच्या. मग त्यांच्या कचेरीतून मूळ चित्रं न्यायला माणूस येऊ लागला. तिथल्या जिन्यात म्हणे ती उंचीच्या क्रमाने टांगली आहेत. "तुम्ही त्यांच्यावर टीका करताय की त्यांचा जिना सजवताय?" असं बायकोने एकदा जेवताना विचारलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आणि हे कमी म्हणून की काय, एक वाचक. कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, वय ऐंशीच्या घरात. जन्मभर लेथवर लोखंड कातलेलं, त्यामुळे जे दिसेल ते मोजायची खोड. दर सोमवारी बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी याचा फोन. "नमस्कार. साहेब अर्धा मिलिमीटर कमी भरतायत." मी म्हणायचो, शाई, कागद, छपाई, थोडं इकडेतिकडे होणारच. तो म्हणायचा, "आमच्याकडे अर्ध्याने पिस्टन अडकायचा." बायकोने त्याचं नावच मिलिमीटर ठेवलंय. चौदा वर्षं माझा सोमवारचा चहा या माणसाने निववला आहे.

गेल्या सोमवारी साहेब एकसष्ट होते. या खेपेला आकडा आला त्रेचाळीस.

"घसरलेत म्हणून चेहरा?" मी संपादकाला विचारलं.

"तसं नाही हो. चाचणी कच्ची आहे म्हणतायत. मालकांचा फोन होता. आणि आकडा आपण छापतोच आहोत की, सातव्या पानावर."

"हवामानाच्या खाली."

"काका, थोडी डोळेझाक केली तर कुठे आभाळ कोसळणार आहे?"

"चढताना मोजलं ना मी? मग उतरतानाही मोजणार. नाहीतर इतकी वर्षं मी हारच ओवत होतो म्हणायचं."

चित्र सहापर्यंत द्या, एवढं सांगून तो गेला.

मी त्रेचाळीसच काढले. पण कोट काढला एकसष्टच्या मापाचा. बाह्या गुडघ्यापर्यंत, कॉलर कानापर्यंत, शेजारी टेप गळ्यात घालून घाम पुसणारा शिंपी. साहेब त्याला दरडावतायत, "माझा कोट कुणी वाढवला?" कितीतरी दिवसांनी मला स्वतःच्या चित्रावर हसू आलं. साहेबांच्या बुटापाशी सही केली, पट्टी लावून पुन्हा एकदा उंची मोजली आणि चित्र देऊन घरी आलो.

सोमवारी सकाळी बायकोने अंक समोर टाकला. "आज साहेब मोठे दिसतायत हो."

मी पट्टी लावली. एकसष्ट. चित्र तेच, पण फुगवून छापलेलं. फुगवल्यावर चौकटीत मावेना म्हणून शिंपी कापला, वरचं वाक्य कापलं. उरले ते ऐसपैस कोटातले साहेब. आणि खाली नेहमीची ओळ, एक टक्का, एक मिलिमीटर. ती मात्र कुणी कापली नव्हती.

मी संपादकाला फोन लावला.

"जागा रिकामी दिसत होती, म्हणून जरा वाढवलं," तो म्हणाला. "तांत्रिक बाब आहे, काका. आणि ऐका, पुढच्या आठवड्यापासून पहिलं पान बदलतंय. चौकटीला विश्रांती देऊ. तुम्हालाही कंटाळा आला असेल."

मी फोन ठेवला. संताप असा आला की हाताला पट्टी लागली ती मोडूनच टाकावी. चौकट गेली तर गेली. पण जाताना माझ्या हातून मापात पाप करवून गेली. चौदा वर्षांत मी कमावलं काय, तर हा माणूस मोजून काढतो, एवढंच. आता लोक म्हणणार, अखेर हाही विकला गेला.

नऊ दहाला फोन वाजला.

"मी नाही घेणार," मी म्हणालो.

"घ्या," बायको म्हणाली. "ते बिचारे चौदा वर्षं करतायत, आणि आज तुम्ही पळणार?"

मी घेतला.

"नमस्कार. साहेब एकसष्ट भरतायत."

"हो."

"सातव्या पानावर त्रेचाळीस आहे. भिंग घेऊन शोधला."

"हो." मी नाही, छापणाऱ्यांनी केलं, असं सांगायचीही लाज वाटली. चूक झाली की प्रत्येकजण तेच सांगतो.

"मग मी तुमची सही मोजली," तो म्हणाला.

"सही?"

"तुमची सही बारा मिलिमीटरची असते. पहिल्यापासून. कधी पावणेबारा, तेवढं चालतं. आज सतरा भरली. आता इतक्या वर्षांचा माणूस एकदम सही कशाला वाढवेल? सतराचे मुळात बारा, तर एकसष्टचे किती, म्हणून कागदावर मांडलं. त्रेचाळीस आले. तुम्ही बरोबरच काढलं होतं."

माझे डोळे भरून आले, आणि बायको बघतेय हे कळूनही मी ते पुसले नाहीत.

"त्रेचाळीसच काढले होते," मी कसंबसं म्हणालो.

"मोजल्याशिवाय बोलायचं नाही, म्हणून मोजलं. बरं, ठेवतो. पुढच्या सोमवारी करतो."

"पुढच्या सोमवारी चौकट नाही. बंद केली त्यांनी."

तिकडे टेबलावर काहीतरी लोखंडी ठेवल्याचा आवाज आला, त्याचं मोजायचं यंत्र असणार.

"मग सोमवारी मी काय करू?" त्याने विचारलं.

या माणसाने मला चौदा वर्षं छळलं. पण इतक्या पडेल आवाजात तो कधी बोलला नव्हता.

"तुमचा पत्ता सांगा," मी म्हणालो. "दर आठवड्याला टपालाने पाठवतो. पूर्ण माणूस, टाचेपासून टाळूपर्यंत."

त्याने सावकाश पत्ता सांगितला, पिनकोड दोनदा सांगितला. मी तो अंकाच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतला.

"एक करा," तो म्हणाला. "पाकिटात घालताना घडी घालू नका. घडीत अर्धा मिलिमीटर जातो."

"घडी नाही घालणार."

मी फोन ठेवला, तेव्हा बायको कपाटावरचा पुठ्ठा काढायला स्टुलावर चढली होती.