हाइड्रुनची बसायची जागा

"पण मला रडू आलंच नाही तर?" हाइड्रुनने गाडीतच विचारलं.

"नुसता आवाज काढा. डोळ्यांतलं पाणी कोण तपासतंय?" मी म्हटलं.

उमसुनाय एजेची (थोरल्या बाईला आम्ही मानाने 'एजे' म्हणतो) सासू वारून तिसरा दिवस होता. आम्ही शाळेतल्या बायका भेटायला निघालो होतो. आमच्या डोंगराळ नारीन भागात सुतकाच्या घरी फाटकापासूनच मोठ्याने रडत आत जायचं असतं. मी शाळेचं वेळापत्रक लावते. त्यामुळे कोणाचं कोणाशी पटतं याचा जमाखर्च न मागता माझ्याकडे जमा होतो. त्यात हाइड्रुनच्या नावावर एकच खर्च पडला होता, पण तो भारी होता.

साठी उलटलेली ही जर्मन बाई सप्टेंबरात आमच्याकडे जर्मन शिकवायला आली. उमसुनाय जन्मभर त्याच वर्गात जर्मन शिकवत आलेली. मीसुद्धा तिचीच विद्यार्थिनी. पहिल्याच आठवड्यात हाइड्रुनने तिला सांगितलं, "तुम्ही मागच्या बाकावर बसून बघा." चांगल्या मनाने सांगितलं. उमसुनाय बसली. तास संपल्यावर उठली आणि त्यानंतर हाइड्रुनशी एक अक्षर बोलली नाही. हाइड्रुनने केक आणला, तो शिपाईणीच्या घरी गेला. चॉकलेटं आणली, तीही तिकडेच गेली. शिपाईण तेवढी खूश.

आता मुख्याध्यापक म्हणत होते, जोडीच्या शिक्षिकेने, म्हणजे उमसुनायने, हो म्हटलं तरच पुढचं वर्ष. आणि हाइड्रुनला राहायचं होतं. तिकडे तिची वाट बघणारं कोणी उरलं नव्हतं.

फाटकाशी आम्ही गळा काढला. हाइड्रुनच्या तोंडून शिंक अडकल्यासारखा काहीतरी आवाज आला. अंगणात सुतकासाठी उभारलेल्या तंबूत उमसुनाय भिंतीकडे तोंड करून हेल काढत बसली होती. आम्ही एकेक करून तिच्या गळ्यात पडलो. मागे वळून बघते तर हाइड्रुन गायब.

ती सापडली घरामागून वाहणाऱ्या पाटावर. बाह्या सारून, बर्फासारख्या पाण्यात सुतकाच्या जेवणासाठी कापलेल्या मेंढीची आतडी धूत होती! शेजारी उमसुनायच्या दोन सुना रडकुंडीला आलेल्या.

"एजे, उठा ना! आम्हाला शिव्या बसतील."

"अगं, मला येतं हे," हाइड्रुन खुशीत म्हणाली. "लहानपणी आम्ही डुकराची—"

"हळू बोला!" मी जवळजवळ तिच्या तोंडावर हात ठेवला. मुसलमानाच्या घरी, तेही सुतकात, डुकराचं नाव!

पण कुंपणापलीकडे शेजारीण होतीच. "बघा गं बायांनो! उमसुनायकडे पांढऱ्या केसांच्या पाहुणीला आतडी धुवायला बसवतात!"

तंबूतला हेल थांबला. सासूच्या सुतकात सुनेने तंबूबाहेर यायचं नसतं, तरी उमसुनाय आली. हाइड्रुनचं पुढचं वर्ष पाटातून वाहून चाललेलं मला दिसलं.

"उठा," उमसुनाय म्हणाली. जर्मनमध्ये. "तुमच्या वर्गात तुम्ही सांगितलंत तिथे मी बसले. माझ्या घरी मी सांगेन तिथे तुम्ही बसायचं."

कुंपणापलीकडे कोणाला अर्थ कळला नाही, पण शेजारणीचं तोंड आपोआप मिटलं. हाइड्रुन लाल हात लोंबकळत ठेवून उभी राहिली. "त्या दिवशी माझं चुकलं," ती पुटपुटली.

"चुकलंच."

उमसुनायने तिला तंबूत नेलं आणि दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं, थेट माझ्याही वर. हाइड्रुनला मांडी घालता येईना. उमसुनायने तिच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. एक सून कोमट पाण्याची झारी घेऊन आली, ती उमसुनायने तिच्या हातातून काढून घेतली.

"हिला पुढच्या वर्षी दुपारचे तास दे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "सकाळच्या थंडीत हिच्याने खडू धरवणार नाही."

मी मान डोलावली. उमसुनाय हाइड्रुनचे हात धूत होती; साबण लावून, बोटांत बोटं घालून, नखांच्या कडेपर्यंत. सासू अंथरुणाला खिळल्यापासून रोज जेवणाआधी ती तिचे हात असेच धूत असे. मग तिने मांडीवरच्या टॉवेलने ते पुसले. पुसून कोरडे झाले, तरी तिने ते सोडले नाहीत.