कॅसेटमधली आत्या

सुधाकर मोघेच्या घरासमोर चपलांचा ढीग फाटकापर्यंत आला होता. शनिवारची संध्याकाळ. आत चाळीसेक माणसं टीव्हीपुढे हात जोडून बसली होती आणि टीव्हीवर रबरी नखांचं एक भूत किंचाळणाऱ्या बाईमागे धावत होतं. भूत म्हणजे सगळा आनंदच. वटवाघळं दोऱ्याला बांधलेली, दोरा स्वच्छ दिसत होता, त्याला लोक हसतही होते, आणि भुताचा धक्का लागून कबरीचा दगड चक्क हलला. पस्तीस वर्षांपूर्वीचा भिकार सिनेमा, कुणीतरी घरी व्हीएचएस कॅसेटवर उतरवून घेतलेला. त्याचं नाव सांगून मी त्याला मान देणार नाही.

"आता बघा," विक्रांतजी म्हणाले.

पडद्यावर आडवे पट्टे आले आणि सिनेमा नाहीसा झाला. हिरव्या शालूतली, मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी आमच्याकडे बघून हसली. मागे सनई वाजत होती. मुलीनं हात पुढे करून बोलावलं, ये, ये. दहा-अकरा सेकंद. पुन्हा पट्टे, पुन्हा भूत.

ती सुलोचना, सुधाकरची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरातच बाळंतपणात गेली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्याही काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगू?

विक्रांतजी हे आत्म्यांचे जाणकार. अंगात जीन्स, गळ्यात रुद्राक्ष, हातात लाल ठिपका पाडणारा लेझर. "देखिए, आत्मा म्हणजे मॅग्नेटिक एनर्जी. कॅसेटची टेप काय असते? ती पण मॅग्नेटिक. हे सायन्स आहे, मी नाही म्हणत. ताई टेपमध्ये अटकल्या आहेत. त्यांना सोबत पाहिजे, आपल्या घरातली. कोणाला बोलावतायत, समझने वाले समझ गए." लाल ठिपका पहिल्या रांगेत बसलेल्या पलकवर येऊन थांबला.

पलक सुधाकरची मुलगी, चौदा वर्षांची. तिला फिट येतात. गोळ्या नेमानं चालू होत्या आणि वर्षभरात एकही फिट आली नव्हती. मग दिवाळीच्या सफाईत तिच्या आईला, ऋजुताला, माळ्यावर जुना व्हीसीआर आणि ही कॅसेट सापडली. शेजारीपाजारी गोळा झाले आणि कुणीतरी विक्रांतजींना आणलं. गोळ्यांनी आत्या चिडते, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या बंद झाल्या. तीन आठवड्यांत दोन फिट आल्या. दुसऱ्या वेळी ती ओट्यावर आपटली आणि कपाळाला चार टाके पडले. त्या टाक्यांवरच आता लाल ठिपका नाचत होता.

मी तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. चुंबकत्व शिकवलं, त्यात आत्म्याचा धडा नव्हता. मला संताप आला. मी उठून व्हीसीआरपाशी गेले.

"कॅसेट बघू जरा," मी म्हणाले.

"मॅडम, हात नका लावू. एनर्जी डिस्टर्ब होते."

"ऋजुतानं माळ्यावर फडका मारला तेव्हा नाही झाली?"

मागे कुणीतरी हसलं. मी कॅसेट बाहेर काढली. कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. मला हवं ते मिळालं.

"हे बघा," मी सगळ्यांना दाखवलं. "इथे प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असायचा. लग्नाची, मुंजीची कॅसेट आली की आपण तो तोडून टाकायचो, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. ज्याला भरायचंच असेल तो या भोकावर चिकटपट्टी लावायचा. ही लग्नाची कॅसेट आहे. सिनेमा तिच्यावर नंतर भरलाय."

"मग सिनेमाच्या मधोमध ताई कशी आली, टीचर?" ऋजुतानं विचारलं.

सांगून पटलं नसतं. मी दोन घरं पलीकडे माझ्या घरी जाऊन माझ्या मुलाच्या, सुजयच्या, मुंजीची कॅसेट आणली. तिची दुसरी प्रत नाही. भोकावर पट्टी लावली आणि नुसतंच रेकॉर्डचं बटण दाबून मिनिटभर थांबले. मग बंद केलं, टेप जराशी पुढे सरकवली, पुन्हा मिनिटभर रेकॉर्ड. मागे नेऊन लावली.

पडदा काळा. मग पट्टे. मग आठ वर्षांचा सुजय, डोक्याचा गोटा, भरल्या ताटापुढे रुसून बसलेला. दहा सेकंद. पुन्हा पट्टे, पुन्हा काळोख.

"जेवढी टेप मधे सुटली, तेवढं जुनं चित्र राहिलं," मी म्हणाले. "आणि सुजय पुण्यात आहे. सकाळीच फोन झाला. तो काही अटकलेला नाही."

मुंजीतली दोन मिनिटं मी कायमची पुसली होती. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सिनेमा मी भरला होता." सुधाकर. तो आत बसलाच नव्हता. "सोळा वर्षांचा होतो. दोस्ताचा व्हीसीआर आणला, कोरी कॅसेट नव्हती. मधेच लाइट गेली. आल्यावर, आधी भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून टेप थोडी पुढे घेतली. पुढच्या वर्षी ताई गेली. आई मरेपर्यंत ही कॅसेट शोधत होती. मी म्हणत राहिलो, हातोदला असेल, ताईच्या सासरी. ताई मला बोलावत होती, फोटोत यायला. मी लाजून खांबामागे उभा होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ऋजुता हळू म्हणाली. "हिला टाके पडले तेव्हा पण?"

"आईशी खोटं बोललो होतो. लाज वाटली," सुधाकर म्हणाला.

विक्रांतजी उठले. "नास्तिक माणसं आली की आत्मा निघून जाते. अब मेरी जिम्मेदारी नहीं." ते निघाले आणि दहा-बाराजण त्यांच्यामागे गेले. डोळ्यांनी पाहूनही गेले. याला काय म्हणावं, मला कळत नाही.

पलक माझ्याजवळ आली. "टीचर, म्हणजे आत्या मला नेणार नव्हती?"

"नाही गं."

"मी माझी सायकल वर्गातल्या अनुश्रीला देऊन टाकली. मला वाटलं, आता मला काय कामाची."

ऋजुतानं डॉक्टरांना फोन लावला. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

दोऱ्यावरच्या वटवाघळांना हसणारी ही माणसं. भूत खोटं आहे हे त्यांना दिसत होतं, पण कॅसेटची कड उलटून बघावी असं एकाला सुचलं नाही. ज्याला सगळं माहीत होतं तो लाजेपायी गप्प राहिला, आणि एक मुलगी तीन आठवडे मरणाची तयारी करत होती. तुमचा देव तुमच्यापाशी राहू द्या, मी मागत नाही. एवढंच सांगते, काही अजब दिसलं तर ते कसं घडलं हे विचारा. उत्तर मिळायला वेळ लागला तर लागू द्या. तोवर लेकराची गोळी बंद करू नका.