धरून ठेवलेली जागा

कपड्यांच्या कारखान्याच्या बसला सगळ्याजणी ‘मामांची गाडी’ म्हणत. मामा म्हणजे ड्रायव्हर. पहाटेच्या अंधारात बायका चढत, आपापल्या ठरलेल्या जागी बसत आणि ओढणी तोंडावर ओढून पेंगत. मामा हजेरी घेत नसत, आरशात पाहत. जागा रिकामी दिसली, तर त्या बाईच्या थांब्यावर हॉर्न देऊन जरा वाट बघत. भरलेली दिसली, तर ती आधीच्याच थांब्यावर चढली असेल असं धरून पुढे निघत. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

थोरली काज-बटणाच्या मशीनवर जुनी. धाकट्या जावेला तिनेच शब्द टाकून कामाला लावलं होतं. दोघींची चूल आता वेगळी. थोरलीचा थांबा आधी, धाकटीचा नंतर. धाकटीची उमेदवारी आज संपत होती. आजचा दिवस भरला की ती कायम होणार, दवाखान्याचं कार्ड हातात पडणार, दम्याने रात्र-रात्र बसून काढणाऱ्या तिच्या लेकीला औषध सुरू होणार. उमेदवारीत एक जरी खाडा झाला तर मात्र घरी.

त्या पहाटे गाडीत नव्या मुली बऱ्याच होत्या. एक थोरलीच्या शेजारी टेकायला आली.

"अगं, तिथे नको. माझी जाऊ यायचीय."

"काकू, जागेवर नाव कोरलंय का तिचं?"

"नाही कोरलं. पण आज तिला उभी नाही राहू देणार मी."

"जावेसाठी जागा?" मागून कुणीतरी म्हणालं. "असली जाऊ कुठे मिळते गं? मलाही एक बघा!"

गाडीत हशा पिकला. थोरलीही हसली. तिने डब्याची पिशवी शेजारी उभी केली, वर आपली शाल पांघरली, आणि रोजच्यासारखे डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागली.

डोळे उघडले तेव्हा थांबा मागे पडला होता. गल्लीच्या तोंडातून धाकटी हात वर करून धावत येत होती.

"मामा, थांबवा! माझी जाऊ राहिली!"

"राहिली कशी? तुमच्या शेजारी झोपलीय की."

"ती शाल आहे हो!"

मामांनी आरशात पुन्हा पाहिलं. तोवर गाडी पुलावर चढली होती, मागे ट्रकांची रांग. "जागा रिकामी दिसली असती तर थांबलो नसतो का मी?" ते कळवळून म्हणाले. "आता पुलावर कुठे थांबू, ताई?"

शहराची बस नाक्यापर्यंतच. तिथून धाकटी चालत आली, तोवर फाटक बंद झालेलं. थोरली सुपरवायझरपुढे हात जोडून उभी राहिली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"शाल तुमची, नजर मामांची, सगळं खरं. पण खाडा तिचाच ना?"

सुटी झाल्यावर थोरली गाडीत चढली नाही. धाकटी फाटकाबाहेर बसून होती. दोघी हमरस्त्याने चालू लागल्या.

"शाल मी ठेवली होती गं."

"मामांनी सांगितलं, ताई."

"मग चार शब्द बोल मला. शिव्या दे."

"आणि तुमच्याशी तोडून लेकीला घेऊन कुणाच्या दारात जाऊ?" धाकटीचा आवाज चढला नाही. "निघताना तिला धाप लागली. पाठ चोळत बसले, तिथेच उशीर झाला. म्हटलं, आजच्या दिवस सोस, संध्याकाळी आई कार्ड घेऊन येते. आता काय सांगू?"

शेजारून दुसऱ्या कारखान्यांच्या गाड्या जात होत्या. खिडक्यांना टेकलेली डोकी, मिटलेले डोळे. थोरलीने सवयीने ओठ हलवले. देवाचं नाव काही ओठांवर येईना. धाकटी उत्तरासाठी तिच्याकडे बघत होती, आणि घर जवळ येत चाललं होतं.