जहाज आणि दुपारची झोप

आमच्या जेवणाच्या टेबलावर अठराव्या शतकातली स्पॅनिश युद्धनौका उभी आहे, म्हणून आम्ही जमिनीवर बसून जेवतो. तोफांची तोंडं फ्रिजकडे आहेत. त्यामुळे फ्रिज सुरक्षित आहे.

ती बाबांनी केली. बाबा सुतार. जन्मभर दारं-खिडक्या केल्या, समुद्र कधी पाहिला नाही आणि बसमध्ये बसले तरी त्यांना मळमळतं. काम सोडल्यावर एका जुन्या कॅलेंडरवर त्यांना हे तीन डोलकाठ्यांचं जहाज दिसलं आणि ते म्हणाले, हे करायचं. चित्रात जहाजाची एकच बाजू होती. दुसरी त्यांनी मनाने केली. तिथे तोफांच्या मधोमध दोन खिडक्या आहेत, कड्यांसकट. लढाईत माणसांना हवा नको का, असं त्यांचं म्हणणं.

लाकूडकाम संपून दोरकाम आलं, तेव्हा त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. बाबा म्हणाले, ज्याच्या दवाखान्याचं दार खाली घासतं त्याला काय कळणार.

दोर म्हणजे मेण लावलेला साधा दोरा. डोलकाठ्यांपासून काठापर्यंत नुसत्या गाठीच गाठी. बाबा सकाळभर गाठी मारायचे आणि जेवणापर्यंत त्या सुटायच्या. मग ते झोपायला जायचे. आई चष्मा लावून, चिमटा घेऊन बसायची आणि सगळ्या पुन्हा मारायची. उठल्यावर बाबा चहाचा कप घेऊन जहाजाला एक फेरी मारायचे. हात अजून शाबूत आहे, म्हणायचे. असणारच, आई म्हणायची.

मला तिने आधीच दम भरला होता. "तोंड उघडलंस तर बघ. जहाज थांबलं की हा माणूस अंथरूण धरणार."

आणि मग आईच गेली. भाजी चिरता चिरता, कुणाला काही न विचारता. भेटायला येणारे जहाजाला वळसा घालून बाबांपर्यंत पोचायचे. आत्या म्हणाली, आता तरी हे इथून हलव. बाबा जागचे हलले नाहीत. जहाजही हललं नाही.

काही आठवड्यांनी ते पुन्हा टेबलाशी बसले. सकाळभर गाठी मारल्या. जेवणापर्यंत सगळ्या सुटल्या. मग नेहमीसारखे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि घोरायला लागले.

मी आईचा चष्मा लावला. तो माझ्या नंबरचा नाही, पण काम तिचं होतं. माझ्या हातून गाठी कमी आणि गुंते जास्त झाले. मेण संपलं म्हणून दबक्या पावलांनी आत, त्यांच्या उशाजवळच्या कपाटाशी गेलो. बाबा घोरत होते. डोळे मात्र टक्क उघडे होते, भिंतीवर लागलेले.

त्यांनी नजर वळवून मला पाहिलं. घोरणं थांबवलं नाही.

मी मेण घेऊन बाहेर आलो. आई रोज याच घोरण्याच्या भरवशावर बसायची.

संध्याकाळी चहा मी केला. त्यांनी कप घेऊन फेरी मारली. हाताबद्दल काही म्हणाले नाहीत. खिडक्यांच्या बाजूला थांबले आणि आईच्या एका जुन्या गाठीवरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, गाठ नाही.

"ती दोरा दोनदा फिरवायची," ते म्हणाले. मग माझ्या बाजूचे गुंते बघितले, बराच वेळ. "उद्या मी जरा जास्त झोपतो. सावकाश कर."