ते खडप नव्हतं, मी होते

मी एक जुनी पाणबुडी आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गोदीत मला बघायला येता तेव्हा लोक माझं कौतुक सांगतात. डिझेल इंजिनावर बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि पाण्याखाली विजेवर गुपचूप चालायचं, हे माझं कसब. मला त्या कसबाचाच संताप येतो.

परदेशातल्या थंडगार गोदीत मी घडले. इथे आले तेव्हा माझ्या नाकावर नारळ फुटला, हार पडले. मलाही तेव्हा फार मिजास होती.

१९८४ च्या जानेवारीत रत्नागिरीसमोर सराव चालला होता. आपल्याच जहाजांना चुकवून निसटायचं, दिसलो की हरलो. बाहेरचे आवाज टिपायला लवू बसला होता. तो तिथल्याच मिरकरवाड्याचा, मच्छीमाराच्या घरातला. भर दुपारी माझा वेग एकदम मंदावला. वर एका मासेमारी ट्रॉलरचं इंजिन जोर लावायचं, थांबायचं, पुन्हा जोर लावायचं.

"साहेब, त्यांचं जाळं आपल्यात अडकलंय," लवू म्हणाला. "जाळं खडपाला, पाण्यातल्या खडकाला अडकलं की आमच्याकडे असेच हिसके देतात. आपण थांबूया, नाहीतर बोट मागून पाण्यात जाईल."

"तुझा मासळीबाजार इथे नको," कप्तान म्हणाले. "वेग वाढवा."

मला थांबायचं होतं. पण पंखा माझा आणि हुकूम त्यांचा, म्हणून मी ओढत राहिले. लवूने तीनदा सांगितलं. मग वरचं इंजिन पाणी पिऊन बंद पडलं, तेव्हा कुठे कप्तानांनी मला वर काढलं.

बोट नव्हती. तिला हाकणारा तांडेल महिपत एका फळीला धरून तरंगत होता. त्याचा भाऊ बाळा सापडलाच नाही. खलाशांनी महिपतला माझ्या पाठीवर ओढून घेतलं.

"आमी खडप समजून वडत व्हताव," तो म्हणाला. मग त्याने आपल्याच वाडीतल्या लवूला ओळखलं. "लवू, तू आत व्हतास? तुला आयकू नाय आलं?"

लवू तिथेच खाली बसून रडला. कप्तानांनी नोंदवहीत लिहिलं, चूक बोटीची.

मित्रांनो, माझा रंग उडाला म्हणून हळहळू नका. लवूचं बोलणं त्या दिवशी निदान दहा जणांनी ऐकलं होतं. त्यातला एक तर माझा पंखा फिरवणाऱ्या मोटारीच्या खटक्याला हात लावून उभा होता. तुम्ही कधी त्याच्या जागी असलात, तर खटका बंद करा. मग काय शिक्षा व्हायची ती होऊ दे.